बोटीचा भूतकाळ विचारायला संकोच कसला?

नमस्कार ताई,
तुमचं सदर आम्ही दोघं नेमाने वाचतो. गेली अकरा वर्षं आम्ही एका बोटीसाठी पैसे साठवतोय आणि आता मनासारखी बोट समोर आली आहे. फायबरग्लासची, अठ्ठावीस फुटी, आत डिझेल इंजिन, २००७ ची. इंजिनाच्या मीटरवर फक्त ४१० तास. विकणारे गृहस्थ फार सज्जन आहेत. बोट त्यांच्या काकांची. काका दोन वर्षांपूर्वी वारले, कागद अजून काकांच्याच नावावर आहेत. ‘ही आयुष्यभर तलावातच राहिली, खारं पाणी हिला माहीत नाही’ असं ते सांगतात. तळाला नुकताच रंग दिलाय, आतल्या गाद्याही नव्या आहेत. आणखी एक गिऱ्हाईक तयार आहे म्हणून रविवारपर्यंत बयाणा द्या, नावाचं मागाहून बघू, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणते, आधी सगळं तपासा. पण तपासायचं म्हणजे नेमकं काय? आणि ज्याच्या घरात मृत्यू झालाय अशा माणसाला खोदून खोदून विचारायला मला कसंतरीच वाटतं.
– एक वाचक

रविवारी बयाणा देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं आधी सांगून मोकळी होते.

ते गृहस्थ लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पत्रावरून तरी मला ते सरळच वाटले. पण ही बोट त्यांची नव्हती, काकांची होती, हे विसरू नका. तलाव, तास, देखभाल यांबद्दल ते जे सांगतात ते त्यांनी काकांकडून ऐकलेलं. काकांनी ती कुणाकडून घेतली, त्याआधी ती कुठे नांगरलेली असायची, तिच्यावर कुणाचं देणं आहे का, हे पुतण्याला ठाऊक असेलच असं नाही. अगदी खरं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडूनही चुकीची माहिती येते. म्हणून प्रश्न त्यांना कमी विचारा. कागदांना, आकड्यांना आणि बोटीच्या अंगाला जास्त विचारा. या तिघांचं म्हणणं एकमेकांशी जुळलं तर पुढे जा.

जुनी बोट घेणारे बहुतेकजण तिची तब्येत बघतात. इंजिन चालू करून बघतात, डेकवर पाय आपटून बघतात, रंग बघतात. तिचा इतिहास बघायचा राहून जातो. मी क्रम उलटा ठेवते. इंजिन गेलं तर दुसरं बसवता येतं, तळाला फोड आले तर सोलून, वाळवून पुन्हा थर देता येतो. खर्च होतो, पण बोट तुमची राहते. मालकीतच खोट निघाली तर कुठल्याही कारागिराच्या हाती काही उरत नाही.

यात लोकांना सर्वांत जास्त धक्का बसतो तो देण्यांचा. आपली समजूत अशी की कर्ज माणसाचं असतं. बोट विकली, माणूस गेला, विषय संपला. सागरी कायद्यात तसं नाही. काही देणी थेट बोटीला चिकटतात. खलाशांचा थकलेला पगार, संकटातून सोडवून आणल्याचा मोबदला, धडक देऊन केलेलं नुकसान, बंदराची थकबाकी, अशी ती देणी. जिनिव्हात १९९३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात तर साफच लिहिलंय, की मालक बदलला, नोंदणी बदलली, झेंडा बदलला तरी असा बोजा जहाजाच्या मागे जातो. त्या करारानुसार वर्षभरात कोर्टामार्फत बोट अटकवली नाही तर बोजा संपतो, पण सगळे देश त्या करारात नाहीत. अमेरिकेच्या कायद्यात दुरुस्तीचं किंवा इंधनाचं न भरलेलं बिलसुद्धा बोटीवरचा बोजा ठरू शकतं. त्रासाची गोष्ट अशी की असला बोजा कुठल्या वहीत नोंदलेलाच असावा असं बंधन नसतं. नोंदवही कोरी दिसते आणि देणं मात्र असतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या हंबर नदीत ‘बोल्ड बक्लू’ नावाची आगबोट दुसऱ्या जहाजावर धडकली. दावा तिच्यापर्यंत पोचेतो ती विकली गेली होती. घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजले होते आणि त्या धडकेची त्याला सुतराम कल्पना नव्हती. तरी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या अपील ऐकणाऱ्या न्यायपीठाने, निकाल दिला तो असा, की नुकसानभरपाईचा हक्क धडकेच्या क्षणीच त्या बोटीला जडला आणि ती निर्दोष माणसाच्या हाती गेली म्हणून तो सुटत नाही. इतकी वर्षं झाली, पण या विषयावरच्या खटल्यांत ‘बोल्ड बक्लू’चं नाव अजून निघतं.

माझ्या वाट्याला हे फार लहान प्रमाणात आलं, पण तेही विसरता आलेलं नाही. पहिली बोट मी यार्डात, म्हणजे बोटी ठेवायच्या-दुरुस्त करायच्या आवारात, उभी असतानाच घेतली. पैसे दिले, खरेदीखत झालं, पाण्यात उतरवायच्या दिवशी गेले तर यार्डवाले क्रेन द्यायला तयार होईनात. आधीच्या मालकाने दोन हंगामांचं जागेचं भाडं आणि शाफ्टच्या, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या, कामाचं बिल थकवलं होतं. बोट त्यांच्या आवारात होती आणि पैसे मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्क त्यांना होता. आधीचा मालक फोन उचलेना. शेवटी ते सगळं मी भरलं. यार्डाचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी घाम गाळून काम केलं होतं. व्यवहाराआधी त्यांच्या कार्यालयात जाऊन एक प्रश्न विचारला असता तर ते मला तेव्हाच सांगणार होते.

तेव्हा तुम्ही पहिली फेरी तिथेच मारा. बोट जिथे उभी आहे ते यार्ड किंवा धक्का, ज्याने इंजिनाचं काम केलं तो मिस्त्री, ज्यांनी आता तळ रंगवला ते कारागीर, काकांची विमा कंपनी. प्रत्येकाकडून ‘या बोटीपोटी आमचं काही येणं नाही’ अशा दोन ओळी तारीख घालून लेखी घ्या. बोटीवर बँकेचं कर्ज होतं का, हे नोंदणी कार्यालयाच्या ताज्या उताऱ्यावरून बघा. तो उतारा तुम्ही स्वतः अर्ज करून काढा, त्यांनी दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. कर्ज फिटलंय असं कुणी सांगितलं तर बोजा उतरवल्याचं बँकेचं पत्र मागा. न फिटलेलं कर्ज असेल तरी व्यवहार मोडायलाच हवा असं नाही, फक्त तेवढी रक्कम तुम्ही थेट बँकेत भरायची आणि उरलेली विकणाऱ्याला द्यायची. मधल्या माणसाच्या हातून कर्जफेड होऊ द्यायची नाही.

आता काकांच्या नावाबद्दल. ‘नावाचं मागाहून बघू’ हे वाक्य मला तुमच्या पत्रातलं सर्वांत काळजीचं वाटलं. काका गेल्यावर बोट आपोआप पुतण्याची झाली असं नाही. मृत्युपत्र आहे का? त्यात बोटीचा उल्लेख आहे का? काकू, मुलं, आणखी भावंडं? ब्रिटिश नोंदणीत जहाजाची मालकी परंपरेने ६४ हिश्श्यांत मांडली जाते आणि हे हिस्से वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. म्हणजे समोर उभा असलेला विक्रेता सगळी बोट विकतोय की तिच्यातला फक्त आपला वाटा, हा प्रश्न तिथे कागदावरच पडतो. तुमच्या बाबतीत तो वारसांच्या रूपाने पडलाय. बोट आधी कायद्याने वारसाच्या नावावर चढली पाहिजे, आणि वारस एकाहून जास्त असतील तर खरेदीखतावर प्रत्येकाची सही किंवा प्रत्येकाचं रीतसर मुखत्यारपत्र हवं. त्याआधी दिलेला पैसा म्हणजे ज्याला विकायचा हक्कच अजून मिळालेला नाही अशा माणसाला दिलेला पैसा.

मागची साखळीही बघा. बनवणाऱ्याने दिलेला दाखला, मग पहिल्या मालकाने दुसऱ्याला केलेलं खरेदीखत, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत काकांपर्यंत. मधली एखादी कडी नसेल तर तिथे थांबा. कागद गहाळ होतात, त्यात नवल नाही. पण मग नोंदणी कार्यालयाकडून ती कडी भरून काढायचं काम विकणाऱ्याचं आहे.

आता आकडा. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या बोटींवर बारा अक्षर-अंकांची ओळख कोरणं बंधनकारक आहे. युरोपातही १९९८ पासून नव्या बोटींवर ती सक्तीची झाली, तिथे पुढे देशाची दोन अक्षरं जोडलेली असतात. बाकी जगातही अनेक बनवणारे हीच पद्धत पाळतात. हा आकडा बोटीच्या पिछाडीच्या फळीवर, उजव्या अंगाला, वरच्या कडेजवळ असतो. बारा अक्षरी आकड्यात पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची पाच त्या बोटीच्या क्रमांकाची आणि शेवटची चार तारखेची. १९८४ च्या ऑगस्टपासून चालू असलेल्या पद्धतीत या चारांतलं पहिलं अक्षर महिना सांगतं. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. पुढचा अंक त्या वर्षाचा शेवटचा अंक आणि त्यानंतरचे दोन अंक मॉडेलचं वर्ष. तुमच्या बोटीवर शेवटी ‘के ६ ०७’ दिसलं, तर नोव्हेंबर २००६ आणि मॉडेल २००७ असा अर्थ, तुमच्या माहितीशी जुळला. तिथे ०७ च्या जागी ०१ दिसलं तर बोट सहा वर्षांनी म्हातारी आहे आणि कागदावरचं वर्ष कुठून आलं ते शोधावं लागेल. मधल्या पाच जागांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायची नाहीत असा नियम आहे, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. तिथे ती दिसली तर आकडा नंतर कुणीतरी बसवलेला असायची शक्यता फार.

वाचण्याइतकंच तो हाताने चाचपणं महत्त्वाचं. आकडा असा कोरलेला असावा लागतो की बदलायचा प्रयत्न केला तर खूण राहील. भोवतीचा रंग वेगळा आहे का? पट्टी रिबिटांऐवजी स्क्रूने लावली आहे का? खाली जुन्या, मोठ्या पट्टीची सावली उमटली आहे का? १९८४ नंतरच्या पद्धतीत हाच आकडा बोटीत दुसऱ्या एका झाकलेल्या जागी, आतल्या अंगाला किंवा एखाद्या फिटिंगखालीही असतो. ती जागा सर्वसाधारण मालकाला ठाऊक नसते. बनवणारी कंपनी हयात असेल तर आकडा कळवून विचारा, की तुमच्या नोंदीत ही बोट कोणत्या वर्षाची, कोणत्या लांबीची, कोणत्या इंजिनाची आहे, आणि या मॉडेलमधला काही दोष पुढे तुम्ही जाहीर करून दुरुस्त करायला सांगितला होता का. बरेचदा उत्तर येतं. कंपनी बंद पडली असेल तर तिची तीन अक्षरं पुढे दुसऱ्या बनवणाऱ्याला दिली गेलेली असू शकतात, म्हणून नुसत्या अक्षरांवरून नाव ठरवू नका, वर्षही ताडून बघा.

इंजिनावरचा क्रमांकही असाच कागदाशी ताडायचा. इंजिन नंतर बदललेलं असेल तर त्यात वावगं काही नाही, पण मग जुनं कधी काढलं, नवं कुठून आणलं, त्याची पावती कुठे, हे प्रश्न येतात. क्रमांकाची पट्टीच नसेल किंवा तिथे घासल्याचे ओरखडे असतील, तर चोरीच्या मालाची शंका धरून पोलीस नोंद तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४१० तास. हा आकडा ऐकून तुम्हाला आनंद झाला, तो मला पत्रातून जाणवला. २००७ पासून हिशेब केला तर वर्षाला पंचविसाच्या आसपास येतात. हौशी माणसाची बोट याहून बरीच जास्त फिरते. मीटर खोटा आहे असं मी म्हणत नाही, बोट खरंच उभी राहिली असेल. पण उभं राहिलेलं डिझेल इंजिन म्हणजे जपलेलं इंजिन नव्हे. टाकीत पाणी साचतं, डिझेलमध्ये जिवाणूंची बुळबुळीत घाण होते, सीलं वाळतात, आत गंज धरतो. वर्षाला शंभर तास चालून वेळच्या वेळी तेल बदललेलं इंजिन मी यापेक्षा आनंदाने घेईन. तास खरे की नाहीत, ते दुरुस्तीच्या जुन्या बिलांवर कळतं, कारण चांगला मिस्त्री बिलावर त्या दिवशीचे तास लिहितो. पाच वर्षांपूर्वीच्या बिलावर नऊशे असतील तर मीटर मध्ये बदललाय. बिलंच नसतील तर हात जिथे लागतात त्या जागा बघा. वेग वाढवायच्या दांड्याची मूठ, चाकाचं कातडं, शिडीच्या पायऱ्यांवरचा खरबरीतपणा. चारशे तासांत पायऱ्या गुळगुळीत होत नाहीत. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर त्यातलं लोखंड, तांबं, शिसं सांगतं की आतले भाग किती झिजलेत, आणि सोडियम जास्त आलं तर खारं पाणी किंवा थंडावा देणारं मिश्रण तेलात शिरत असावं.

तलावाची गोष्ट मात्र फार छान तपासता येते. समुद्राच्या पाण्यात धातू लवकर खाल्ले जातात, म्हणून शाफ्टवर किंवा तळावर धातूचे तुकडे बसवतात. ते आधी झिजतात आणि महागडे भाग वाचतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे तुकडे चालतात. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम बसवतात. अॅल्युमिनियमचे दोन्हीकडे चालतात. तेव्हा आयुष्यभर तलावात राहिलेल्या बोटीवर झिजलेलं जस्त सापडलं तर त्या आयुष्याची पुन्हा चौकशी करावी लागेल. दुसरी खूण बार्नेकल नावाच्या, तळाला घट्ट चिकटणाऱ्या समुद्री कवचधारी जीवांची. ते खरवडून काढले तरी गोल, पांढुरकी वर्तुळं मागे ठेवतात, प्रॉपेलरच्या मुळाशी, सुकाणूच्या वरच्या फटीत, पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे रंगाचा ब्रश पोचत नाही तिथे. इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरचं झाकण उघडून आत मिठाचा थर आहे का, हेही मिस्त्रीला बघायला सांगा. समुद्रात राहिलेली बोट वाईट असं नाही, चांगल्या बोटी समुद्रातच राहतात. पण ऐकलेली गोष्ट खोटी निघाली तर त्यासोबत ऐकलेल्या बाकीच्या गोष्टीही पुन्हा तपासाव्या लागतात.

आणि नवा रंग, नव्या गाद्या. विकायच्या आधी माणूस घर रंगवतो, तसं हेही असू शकतं. पण रंगाखाली तळाचे फोड झाकले जातात आणि नव्या गाद्या कधीकधी बुडालेल्या बोटीत येतात. वादळात बुडालेली, विमा कंपनीने पूर्ण नुकसान मानून निकाली काढलेली बोट कुणीतरी स्वस्तात उचलतो, धुतो, सजवतो आणि दूरच्या गावी विकतो. अमेरिकेत २०१२ च्या सँडी वादळानंतर अशा हजारो बोटींची वासलात लावायची वेळ आली होती. पाण्याखाली गेलेली बोट ओळखायची तर जिथे कुणी पुसत नाही तिथे हात घाला. वरच्या कपाटांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेत का? डॅशबोर्डच्या मागे तारांच्या टोकांवर हिरवा थर आहे का? छताच्या अस्तरामागे, गादीखालच्या लाकडाच्या मागच्या अंगाला आडवी मळकट रेघ आहे का? तळाशी ओल सगळ्याच बोटींत असते. खांद्याच्या उंचीवर गाळ सापडला तर तो पाण्यानेच तिथे नेलेला असतो. यासोबत काकांच्या विमा कंपनीला वारसाच्या लेखी परवानगीने विचारा, की या बोटीपोटी आजवर कोणकोणते दावे भरले. वारसांनी ही परवानगी द्यायला खळखळ केली तर मला ते फार बोलकं वाटेल.

बोटीचं नाव बदललेलं आहे का, हेही बघा. संध्याकाळी पिछाडीवर टॉर्च तिरका धरला की काढून टाकलेल्या जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात, कारण अक्षरांखालचा भाग उन्हाने तेवढा विटलेला नसतो. जुनं नाव हाती लागलं की नोंदणी कार्यालयात, धक्क्यावर, विकाऊ बोटींच्या जुन्या जाहिरातींत त्या नावाने शोध घेता येतो. मला एकदा अशाच जुन्या जाहिरातीतल्या फोटोत त्या बोटीच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, चक्काचूर झालेला दिसला होता. विकणाऱ्याने तिला कधी ओरखडाही गेलेला नाही असं शपथेवर सांगितलं होतं.

कागद बघून झाले की माणसांशी बोला. शेजारी नांगरलेल्या बोटीचा मालक, धक्क्यावरचा रखवालदार, क्रेन चालवणारा. या लोकांना सगळं आठवतं. ‘ही शेवटची कधी बाहेर गेली होती? वर काढली तेव्हा तळ कसा होता?’ एवढं विचारून गप्प बसा, त्यांना बोलू द्या.

सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, तुमचा हवा. दलालाने सुचवलेला नको, विकणाऱ्याच्या ओळखीचाही नको. फी तुम्ही द्या आणि अहवाल तुमच्या नावाने घ्या. बोट पाण्याबाहेर काढून तळ ठोकून बघणं, ओल मोजणं, मग पाण्यात उतरवून पूर्ण वेगात फेरी, हे सगळं त्यात आलं. तुम्हाला कुणी आधीचा सर्व्हे अहवाल दाखवला तर त्याची तारीख आणि कुणासाठी केला होता ते बघा. अहवाल एखाद्या गिऱ्हाइकासाठी केलेला असेल आणि त्याने बोट घेतली नसेल, तर का घेतली नाही, हे शक्य असेल तिथे त्यालाच विचारा. तुमच्या त्या ‘आणखी एका गिऱ्हाइका’ला विचारता आलं तर फारच बरं.

हे सगळं मनासारखं निघालं तर बयाणा द्यायला हरकत नाही, पण करार करून. सर्व्हे, पाण्यातली चाचणी आणि बोजारहित मालकी या तीन अटी लिहा, यातली एकही पुरी झाली नाही तर ठरलेल्या दिवसांत रक्कम परत, हेही लिहा. पैसे विकणाऱ्याच्या खात्यात न जाता दोघांच्या विश्वासातल्या वकिलाकडे राहिले तर उत्तम. उरलेली रक्कम आणि सह्या एकाच टेबलावर, एकाच वेळी. शेवटी एक बारीकसं काम, पण ते टाळू नका. बोटीवर संकटाचा इशारा देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन असेल तर त्याची नोंद काकांच्या नावावर असणार. ती बदलली नाही आणि समुद्रात तुम्ही तो बीकन चालू केलात, तर बचाव केंद्राचा पहिला फोन काकांच्या घरी जाईल. रेडिओच्या नऊ आकडी ओळखक्रमांकाचंही तसंच.

राहिला तुमचा संकोच. मृत्यूच्या घरात प्रश्न विचारणं तुम्हाला निष्ठुरपणाचं वाटतं, हे मला समजतं आणि तुमच्याबद्दल आदरही वाटतो. पण वारसांची नोंद, थकबाकी, विम्याचे कागद हे काम त्या कुटुंबाला कधी ना कधी करावंच लागणार आहे. बोट नुसती उभी राहिली तरी तिचं जागेचं भाडं त्यांच्यावर चढतच असेल. तुम्ही त्यांना म्हणा, ‘बोट मला मनापासून हवी आहे. काकांच्या नावावरून ती नीट माझ्या नावावर यावी म्हणून जे कागद लागतील त्यांची यादी मी आणलीय, धावपळ करायला मी तुमच्यासोबत येतो.’ यात शंका घेणं कुठे आलं? ज्याला खरंच बोट विकायची आहे त्याला असं गिऱ्हाईक आवडतं. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाने दरम्यान ती नेली, तर दोन दिवस वाईट वाटेल. अकरा वर्षांची पुंजी तरी शाबूत राहील.

रविवारी जा, पण बघायला जा. सोबत टॉर्च, जुनं फडकं, आरसा आणि मोबाइल घ्या. बोटीवरच्या आणि इंजिनावरच्या, दोन्ही आकड्यांचे फोटो काढा. आणि शनिवारी संध्याकाळी फोन करून त्यांना एवढंच सांगा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, ते थंड असताना कसं उठतं ते आम्हाला बघायचंय. पोचलात की आधी इंजिनावर हात ठेवा, ते गरम आहे का बघा.